बैल गेला नि झोपा केला : अर्ज तपासण्याआधीच आश्रयार्थ्याला परत पाठवणं रोखतात कसं?

सदाफुली_९

परवा एका मैत्रिणीशी वाद झाला, त्यातून हा धागा.

तिचं म्हणणं, आश्रय मागायला आलेल्या माणसाला कुठलाही देश असा उचलून परत धाडू शकत नाही. १९५१ चा निर्वासितांविषयीचा करार आहे, त्यात ३३ वं कलम आहे : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे माणसाला लोटायचं नाही. मी म्हटलं, कलम मलाही माहीत आहे. पण धोका खरा की खोटा हे अर्ज तपासल्यावर कळणार ना? तपासायच्या आधीच विमानात बसवलं तर कलम मोडलं की नाही हे ठरवणार कोण, आणि कधी? माणूस तिकडे तुरुंगात पोचल्यावर?

यावर ती गप्प आणि मीही गप्प. तेव्हा जाणकारांनो, विमानाचं दार बंद होण्याआधी त्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं?

टवाळखोर

सरकारी मराठीत याला 'परत पाठवणी' म्हणतात. पाठवणी म्हटल्यावर रडारड आलीच.

अर्धा वकील

सदाफुली, दुखरी नस बरोबर पकडलीत. ३३ वं कलम सांगतं काय करू नये. ते कसं टाळायचं, अपील कुणाकडे, किती दिवसांत, तोवर माणूस कुठे राहणार, यावर करारात जवळजवळ काही नाही. ती यंत्रणा पुढे न्यायालयांनी आणि कायद्यांनी हळूहळू बांधली, आणि बहुतेक वेळा कुणाचा तरी बैल गेल्यावरच.

कळीचा शब्द 'स्थगिती'. अपिलाचे दोन प्रकार असतात. एकात अपील दाखल होताच हद्दपारी आपोआप थांबते. दुसऱ्यात अपील चालू राहतं, पण हद्दपारीही चालू राहते, आणि थांबवायची तर वेगळा अर्ज करून स्टे मागावा लागतो. कागदावर दोन्हीकडे 'अपिलाचा हक्क आहे' असंच लिहिलेलं दिसतं.

उदाहरण देतो. १९९९ च्या शरद ऋतूत बेल्जियममधल्या गेंट शहरात स्लोवाकियाहून आलेल्या काही रोमा (जिप्सी) कुटुंबांना पोलिसांचं पत्र गेलं : आश्रयाच्या अर्जाची फाईल पूर्ण करायची आहे, चौकीत या. लोक गेले. तिथे त्यांची भाषा बोलणारा दुभाषीही हजर. हातात पडला तो देश सोडण्याचा आणि स्थानबद्धतेचा हुकूम. काही दिवसांत सत्तरेक जण विमानाने परत. त्यांचे अर्ज आधी फेटाळले गेले होते, पण वरच्या दाराशी जायची वाट अजून मोकळी होती, निदान कागदोपत्री. २००२ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बेल्जियमला दोषी धरलं. स्थगिती अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबायला प्रशासन बांधलेलंच नव्हतं, अधिकाऱ्याने सौजन्य दाखवलं तर थांबायचं. असा उपाय परिणामकारक म्हणता येत नाही, हा मुद्दा.

पाच वर्षांनी फ्रान्सची पाळी. एरिट्रियाचा एक पत्रकार पॅरिसच्या विमानतळावर अडकला, त्याच्या खटल्यात २००७ साली याच न्यायालयाने सांगितलं की छळाचा धोका सांगितला गेला असेल तर स्थगिती आपोआप हवी. त्याच वर्षी फ्रान्सने कायदा बदलला : सीमेवर प्रवेश नाकारला तर ४८ तासांत अपील, आणि त्याचा निकाल येईपर्यंत परत पाठवायचं नाही.

कोपऱ्यातली खुर्ची

४८ तास!! मला बँकेची तक्रार लिहायला आठवडा लागतो.

रोखठोक

दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी, मीच मांडतो.

अपील केलं की आपोआप थांबतं हे एकदा कळलं की प्रत्येक जण अपील करणार. फेटाळलं की नवा अर्ज, पुन्हा स्थगिती. वर्षं जातात, मुलं तिथल्या शाळेत जायला लागतात, मग 'आता कसं पाठवणार' हा युक्तिवाद. ज्याला खरंच धोका आहे तो त्याच रांगेत सडतो, कारण पुढे पन्नास जण वेळकाढूपणा करत उभे. देशाला सीमा आहे म्हटल्यावर ती राखायचा अधिकारही आहे. हे म्हटलं की लगेच माणुसकीचे धडे सुरू होतात, ते कृपया नकोत.

सदाफुली_९

धडे नाही देणार. पण मग चाळणी कोणी लावायची? ज्याला पाठवायची घाई आहे त्यानेच?

बाभूळ

विषयांतर : शीर्षकातला 'झोपा' म्हणजे निद्रा नव्हे, हे किती जणांना माहीत आहे? झोपा म्हणजे गोठ्याचं काट्याकुट्यांचं, कुडाचं दार. बैल गेल्यावर ते लावून काय फायदा, असा अर्थ.

टवाळखोर

मी इतकी वर्षं समजत होतो की बैल गेला, आता काम नाही, सगळ्यांनी झोपा.

बाभूळ

तुमच्यासारखे बरेच आहेत, काळजी नसावी.

अर्धा वकील

@रोखठोक, मुद्दा अगदीच हवेतला नाही आणि कायद्यानेही तो ऐकलाय. युरोपीय संघाच्या २०१३ च्या आश्रय-प्रक्रिया निर्देशात ९ वं कलम म्हणतं की पहिला निर्णय होईपर्यंत अर्जदाराला राहू द्यायचं. पण त्याला अपवादही आहेत. केवळ हद्दपारी लांबवायला दुसरा अर्ज केला, त्यात नवं काहीच नाही, तर राहण्याचा हक्क काढून घेता येतो. उघडपणे निराधार ठरलेल्या अर्जाच्या अपिलाला आपोआप स्थगिती नाकारता येते. फक्त एक खुंटा ठोकलाय : अशा माणसालाही न्यायालयाकडे 'मला थांबू द्या' म्हणता आलं पाहिजे, आणि न्यायालय त्या विनंतीवर निर्णय देईपर्यंत त्याला हलवायचं नाही. म्हणजे चाळणी सरकार लावू शकतं, पण शेवटचा चाळ न्यायाधीशाचा.

संघाचा नवा नियम २०२४ मध्ये मंजूर झाला, लागू होण्याची तारीख १२ जून २०२६. त्यात, ज्या देशाच्या अर्जदारांना संघात आश्रय मिळण्याचं प्रमाण २० टक्के किंवा त्याहून कमी, त्यांची तपासणी सीमेवरच उरकायची सोय आहे. रोखठोक खूश होतील. मला ते प्रमाणाचं गणित पटत नाही. ८० टक्के फेटाळले जातात याचा अर्थ दर पाचांतला एक खरा असतो.

रोखठोक

आणि चार खोटे असतात.

गोगलगाय

खोटे कशावरून? फेटाळले म्हणजे पुरावा कमी पडला. जीव घेऊन पळणारा माणूस फाईल काखोटीला मारून पळत नाही.

दोन जिभा

इतके दिवस नुसती वाचक होते, हा विषय निघाला म्हणून लिहिते. युरोपातल्या एका देशात मी काही वर्षं आश्रयाच्या मुलाखतींना हिंदी-उर्दूची दुभाषी म्हणून बसले. देश आणि खातं सांगणार नाही.

खोली छोटी. टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, समोर अर्जदार, मी मध्ये जरा बाजूला. अधिकारी प्रश्न विचारतो, मी उलटा करते, उत्तर येतं, मी सुलटं करते, तो टाईप करतो. टाईप होईपर्यंत कुणीच बोलत नाही, फक्त कळफलक वाजतो. ती शांतता माणसाला फार खाते. अर्जदाराला वाटतं आपण काहीतरी चुकीचं बोललो, मग तो न विचारता आणखी काहीतरी सांगतो, आणि घोळ वाढतो.

एकदा एकाने सांगितलं, "परसों वो लोग घर आए थे." मी 'दोन दिवसांपूर्वी' असं भाषांतर केलं. शब्दशः बरोबरच. अधिकाऱ्याने कॅलेंडर बघून तारीख घातली. पुढे त्याच्या प्रवासाचा हिशेब लावला तेव्हा त्या तारखेला हा दुसऱ्याच देशात होता. लगेच नोंद : विसंगती. आता तुम्हीच सांगा, 'परवा' म्हणजे नेहमी दोनच दिवसांपूर्वी असतं का? सदाफुलीताई, तुम्ही पहिल्याच ओळीत 'परवा वाद झाला' लिहिलंय. कुठला परवा?

तसंच भावांचं. पहिल्या मुलाखतीत 'दो भाई मारे गए', कागदावर सख्खा भाऊ एकही नाही. चुलत-मावस भावांना भाईच म्हणतात हे मला कळतं, पण दुभाष्याने स्वतःचं स्पष्टीकरण घुसडायचं नाही असा आमचा नियम. मी एकदा हात वर करून 'शब्दाबद्दल एक सांगू का' विचारलं. सांगू दिलं. सगळे अधिकारी सांगू देतील असं नाही.

असा फेटाळलेला अर्ज अपिलात सुधारतो, कारण तिथे कुणीतरी नोंद पुन्हा वाचून विचारतं, हा परसों म्हणजे नेमका कधीचा. पण ते विचारायला माणूस समोर हवा.

सदाफुली_९

अगं बाई. खरं सांगते, तो वाद तीन आठवड्यांपूर्वीचा आहे.

कोपऱ्यातली खुर्ची

विसंगती! धागाकर्तीला पाठवा परत.

निळी शाई

दोन जिभा, फार नेमकं लिहिलंत. वाचनखूण साठवली.

'मग तिकडून अपील करा की' हा पर्याय सरकारं नेहमी पुढे करतात. १९८८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने पाच श्रीलंकन तमिळांना परत पाठवलं. त्यांनी परदेशातून अपील लढवलं आणि पुढच्या वर्षी ते जिंकले. निवाड्यात म्हटलं की यांची भीती रास्त होती, यांना परत आणा. ते आलेही. मधल्या काळात श्रीलंकेत त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली होती. गंमत म्हणजे १९९१ मध्ये स्ट्रासबर्गने याच प्रकरणात ब्रिटनच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा आज जी तत्त्वं आपण पाठ म्हणतो ती तेव्हाही तशीच होती असं समजू नका.

मध्यरात्रीचा चहा

ब्रिटनचाच आणखी एक किस्सा, कायद्याच्या विद्यार्थ्यांना 'एम' म्हणून माहीत असतो. १९९१ चा मे महिना. झैरेचा (आताचा काँगो) एक शिक्षक, आश्रय नाकारलेला, त्या संध्याकाळचं विमान. वकील धावतपळत न्यायाधीशापुढे. न्यायाधीशांचा समज झाला की सरकारी वकिलाने आज पाठवणार नाही अशी हमी दिलीय. सरकारी वकिलाचा समज की आपण तशी हमी दिलेलीच नाही. या दोन समजांच्या मधून विमान उडालं. पॅरिसला ते थांबलं, तिथेही त्याला उतरवलं नाही. रात्री न्यायाधीशांनी हुकूम काढला, त्याला परत आणा. परतीची तयारीही सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी गृहमंत्री केनेथ बेकर यांनी सल्ला घेऊन ती रद्द केली.

१९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं की गृहमंत्रिपदाने न्यायालयाचा अवमान केला. मंत्र्यालाही न्यायालयाचा हुकूम बांधतो हे त्या निकालाने पक्कं झालं, म्हणून तो गाजतो. पण मला त्यातला तो समजांचा घोळच आठवतो. नियम असा हवा की कुणाचा काहीही समज झाला तरी विमान जागचं हलू नये.

रोखठोक

छान. आता स्पेनचं कुणी सांगत नाही ते मी सांगतो. मेलिया हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं, मोरोक्कोला लागून असलेलं स्पेनचं शहर. त्याचं कुंपण चढून २०१४ मध्ये आलेल्या दोघांना तिथल्या तिथे मोरोक्कोत परत ढकललं. स्ट्रासबर्गच्याच मोठ्या पीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये म्हटलं : स्पेनने हक्कभंग केला नाही, कायदेशीर दार असताना यांनी मुद्दाम जमावाने कुंपण गाठलं. म्हणजे न्यायालयालाही मर्यादा कळतात.

अर्धा वकील

बरोबर सांगितलंत, आणि तो निकाल आमच्या गोटात बऱ्याच जणांच्या घशाखाली उतरलेला नाही. पण त्याचा पाया 'कायदेशीर दार खरोखर उघडं होतं' हा आहे. ते दार आफ्रिकेतून आलेल्या माणसाला गाठता येत होतं का, वाद तिथे आहे. दार भिंतीवर रंगवलेलं असेल तर तो तर्क कोसळतो.

गोगलगाय

आणि समुद्रावर तर दारच नाही.

निळी शाई

समुद्राचं सांगते. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हैतीच्या बोटींबाबत ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की भर समुद्रात अडवून परत नेलं तर ३३ वं कलम आड येत नाही. २०१२ मध्ये स्ट्रासबर्ग उलट बोललं. मे २००९ मध्ये इटलीच्या लाम्पेदुसा बेटाच्या दक्षिणेला इटलीच्या जहाजांनी सोमालिया आणि एरिट्रियाच्या लोकांना बोटींतून वर घेतलं. लोकांना वाटलं इटलीला चाललोय. दहा तासांनी किनारा दिसला तो लिबियातल्या त्रिपोलीचा. इटलीचं म्हणणं, यांनी आश्रय मागितलाच नाही. न्यायालयाचं उत्तर साधारण असं की लिबियात काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक होतं, मग विचारायची जबाबदारी तुमची. जहाजावर ना दुभाषी होता ना वकील.

२०१४ मध्ये पुदुच्चेरीहून निघालेली १५७ तमिळांची बोट ऑस्ट्रेलियाने अडवली आणि माणसांना जवळपास महिनाभर जहाजावरच ठेवलं. तिथल्या हायकोर्टाने (तिकडे तेच सर्वोच्च) ४ विरुद्ध ३ ने ते कायदेशीर ठरवलं.

टवाळखोर

थोडक्यात, मागितलं नाही म्हणून दिलं नाही, आणि मागायला तोंड उघडू दिलं नाही.

सदाफुली_९

हा विचारण्याचा मुद्दा मला नवीन आहे. म्हणजे पहिला अडसर अपिलाच्याही आधी आहे?

मध्यरात्रीचा चहा

हो. अमेरिकेत १९९६ पासून 'एक्स्पिडायटेड रिमूव्हल' आहे, म्हणजे न्यायाधीशापुढे न नेता झटपट हद्दपारी. त्यात एक खिडकी ठेवली : भीती सांगितली तर आश्रय-अधिकाऱ्याची मुलाखत, नकार आला तर इमिग्रेशन न्यायाधीशाकडून सात दिवसांच्या आत फेरतपासणी. सीमेवरच्या अधिकाऱ्याने छापील फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे, देश का सोडलात, परत जायची भीती वाटते का, परत पाठवलं तर इजा होईल का. जून २०२४ च्या नियमाने सीमेवरच्या अनेकांसाठी हे विचारणंच बंद केलं. माणसाने आपणहून भीती बोलून दाखवायची किंवा ती दिसून यायची. लोक त्याला 'ओरडून दाखवायची परीक्षा' म्हणू लागले.

आणि खिडकी बंद झाली तर पुढे काय? श्रीलंकेचा एक तमिळ शेतकरी, सीमेच्या आत जेमतेम २५ यार्डांवर पकडलेला. मुलाखतीत नापास. तो हेबियस कॉर्पससाठी, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागायला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०२० चा निकाल : या खिडकीपलीकडे तुला न्यायालयाचं दार नाही.

बाभूळ

आपल्याकडे काय स्थिती आहे?

अर्धा वकील

भारत १९५१ च्या करारात नाही आणि आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. आधार घटनेच्या २१ व्या कलमाचा, कारण त्यात 'नागरिक' नव्हे, 'व्यक्ती' आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच राज्याला संरक्षण द्यायला लावलं. एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या वेळी मात्र अंतरिम दिलासा नाकारला, इतकंच म्हटलं की विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नका. त्यानंतर महिन्याभरात मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे दाद मागता यावी म्हणून दिल्लीला जाऊ दिलं. कायदा नसला की असंच होतं, कुठलं पीठ आणि कुठला दिवस यावर बरंच काही.

रोखठोक

हे मात्र मान्य. कडक ठेवा नाहीतर सैल ठेवा, पण लिहून ठेवा. न्यायाधीशाच्या मूडवर नको.

कोपऱ्यातली खुर्ची

रोखठोक मान्य म्हणाले! स्क्रीनशॉट घेतला.

सदाफुली_९

मूळ प्रश्नाकडे येते. मैत्रिणीला काय सांगू? दार बंद होण्याआधी हातात नेमकं काय हवं?

अर्धा वकील

सगळ्यात आधी कुणीतरी त्याच्या भाषेत विचारलेलं हवं, 'परत जायची भीती वाटते का'. नकार आला तर तो लेखी, कारणांसकट, आणि उड्डाणाची वेळ कळेल असा. ब्रिटनमध्ये काही वर्षं पद्धत होती की ७२ तासांची सूचना द्यायची आणि मग पुढच्या तीन महिन्यांत कधीही, न सांगता उचलायचं. २०२० मध्ये अपील न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, कारण वकील गाठायच्या आत माणूस विमानात असायचा. म्हणून फोन आणि वकील हवा, आणि तो मिळायला पुरे पडेल एवढा वेळ हवा. स्वीडनने डिसेंबर २००१ मध्ये दोन इजिप्शियनांचा निर्णय आणि रवानगी एकाच दिवशी उरकली होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने त्यावर ठपका ठेवला.

पण एकच गोष्ट निवडा म्हणालात तर मी आपोआप स्थगिती निवडेन. बाकी सगळं त्या थांबलेल्या वेळेतच करता येतं. १४ जून २०२२ ला आश्रयार्थ्यांना घेऊन रवांडाला निघालेलं ब्रिटनचं विमान आठवा; त्यांचे अर्ज रवांडानेच तपासायचे असा बेत होता. शेवटच्या दिवशी यादीत सातच जण उरले होते. स्ट्रासबर्गच्या अंतरिम आदेशाने संध्याकाळी धागा ओढला आणि रात्री विमान रिकामं राहिलं. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की रवांडातून लोक पुढे धोक्यात ढकलले जाण्याची खरी भीती आहे. पुराव्यात हेही होतं की २०२० ते २०२२ मध्ये रवांडाने सीरिया, येमेन, अफगाणिस्तानच्या अर्जदारांचे अर्ज शंभर टक्के फेटाळले होते. हे उजेडात यायला सतरा महिने लागले. विमान उडालं असतं तर ते सात जण तो निकाल रवांडाच्या राजधानीत, किगालीत, वाचत बसले असते.

रोखठोक

सतरा महिने हाही माझाच मुद्दा आहे. स्थगिती द्या, पण न्यायाधीशही वाढवा. सहा आठवड्यांत निकाल लागला तर कोण कशाला खोटं अपील करेल?

अर्धा वकील

यावर सही करायला तयार आहे.

निळी शाई

दोन जिभा, त्या परसोंवाल्याचं पुढे काय झालं?

दोन जिभा

निकाल आम्हाला कळवत नाहीत. मुलाखत संपली, सही केली, की आमचं काम संपलं.

पण त्याच्या दुसऱ्या मुलाखतीला योगायोगाने मीच होते. या खेपेला तो एकदाही 'परसों' म्हणाला नाही. कुणीतरी शिकवलं असावं. प्रत्येक उत्तराआधी थांबायचा, टेबलाखाली बोटांच्या पेरांवर दिवस मोजायचा, मग तारीख सांगायचा. अधिकारी नवीन होता. त्याने टाईप केलं : अर्जदार उत्तरं देताना अडखळतो.